वीजबिलात थकबाकीच्या ओळीत उणे रक्कम आली, तर ती भरायची की मिळायची?

आपला प्रश्न असा आहे की, महावितरणच्या बिलात ‘निव्वळ थकबाकी/जमा’ या ओळीपुढे उणे 462.37 रुपये छापले आहेत, आणि पासबुकात उणे झाले की आपले पैसे जातात, तर येथेही तेवढे पैसे जास्तीचे भरावे लागणार का. तसे नाही. ही रक्कम आपलीच आहे आणि ती चालू देयकातून वजा होईल.

बिल म्हणजे कंपनीच्या खातेवहीत आपल्या नावाचे जे पान असते त्याचा उतारा. वापरलेल्या विजेचे पैसे त्या पानावर आपल्या नावे पडतात, आपण भरलेले पैसे जमा होतात, आणि नावे रकमेतून जमा रक्कम वजा जाता उरते ते कंपनीचे येणे. जमा जास्त झाली की साहजिकच हे येणे उणे दिसते. पासबुकही बँकेच्याच वहीतले असते, पण तेथे बँक आपले देणे लागत असल्याने शिल्लक उलट बाजूने मांडलेली असते; सगळा घोळ होतो तो येथे. त्यातून थकबाकी आणि जमा या दोन विरुद्ध गोष्टींना बिलावर एकच ओळ दिलेली आहे, हे माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने गैरसोयीचेच आहे.

समजा, चालू वीज देयक 1,338.20 रुपये आहे. त्यातून 462.37 वजा केल्यावर 875.83 उरतात आणि ‘पूर्णांक देयक’ दहाच्या पटीत, म्हणजे 880 रुपये, येते. आपण 880 भरले की वरचे 4.17 रुपये पुढील बिलात पुन्हा उणे होऊन येतात. अनेकांच्या बिलात दर महिन्याला दोनचार रुपयांची जमा किंवा थकबाकी दिसते, ती बहुधा यातूनच आलेली असते.

आपली रक्कम मात्र एवढी लहान नाही, तेव्हा ती कोठून आली हे पाहावे. एकच बिल दोनदा भरले गेले असेल, किंवा घर बंद असताना सरासरीने आकारलेले बिल प्रत्यक्ष रीडिंगनंतर दुरुस्त झाले असेल. सुरक्षा ठेवीवरचे व्याजही, जे देणे विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 47 नुसार बंधनकारक आहे, बिलातूनच वळते केले जाते.

याउलट पैसे भरूनही थकबाकी दिसत असेल, तर बिलावरील मागील भरण्याची तारीख व रक्कम आपल्या पावतीशी ताडून पाहावी, कारण बिल तयार होण्याच्या सुमारास केलेला भरणा पुढच्या बिलात दिसू शकतो.

सोसायटीच्या देखभाल बिलात पुष्कळदा उण्याच्या चिन्हाऐवजी रकमेपुढे ‘डीआर’ किंवा ‘सीआर’ असते. त्यातील ‘डीआर’ म्हणजे आपले देणे आणि ‘सीआर’ म्हणजे आपली जमा. आकडा पटला नाही, तर सचिवांकडे लेखी अर्ज करून आपल्या सदनिकेचा खातेउतारा मागावा.