धरणाच्या काठी मुक्काम ठरवताय? आधी कागद हातात घ्या

ठाण्याच्या ताई, तुमचा बेत वाचला. शुक्रवारी रात्री भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन निघायचं, शनिवारी नाशिकच्या सिडकोत आत्यांकडे आणि गंगापूर रोडला मित्रमंडळींकडे जायचं, रात्री सगळ्यांनी धरणाच्या काठी जमायचं आणि रविवारी दिंडोरीजवळ सासऱ्यांच्या मळ्यात जेवून परत. पाण्याची टाकी, गाद्या, चार्जिंग याबद्दल इतर लोक सांगतीलच. पण धरणाकाठी राहण्याच्या परवानगीबद्दल तुम्ही लिहिलंय, "ऑफिसला फोन केला होता, या म्हणाले, काही अडचण नाही." ती ओळ वाचून राहवलं नाही, कारण आम्हालाही शब्दशः हेच सांगितलं होतं.

आमचंही असंच होतं. मालेगावहून मावशी, संगमनेरहून चुलतभाऊ, इथले दोन-तीन मित्र आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले वडील. सगळ्यांनी एका जलाशयाच्या काठी जमायचं ठरलं होतं. जागा आणि कार्यालय यांची नावं मी लिहिणार नाही. आधी फोनवर "या" म्हणाले. मग "एक अर्ज देऊन ठेवा." अर्ज दिला, पोच मागितली, तर "पोच कशाला, आम्ही आहोत ना." आवक क्रमांक नाही, शिक्का नाही. सही करणारे साहेब दौऱ्यावर होते. शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन केला तेव्हाही उत्तर तेच, काही अडचण नाही.

शनिवारी संध्याकाळी गाडी लावली, मावशींनी आणलेल्या भाकऱ्या निघाल्या, आणि अंधार पडल्यावर रखवालदार आला. त्याच्याकडे आमच्या नावाचा काहीही आदेश नव्हता. त्याची चूक मी मानत नाही, त्याला त्याची नोकरी आहे. पण ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांच्यापैकी एकानेही फोन उचलला नाही. राज्य सरकारच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे आपली सहल नेमकी त्यांच्या सुट्टीत येते. मावशी न जेवता त्याच रात्री मालेगावला परत गेल्या. वडिलांना घेऊन आम्ही हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाच्या कडेला ट्रकच्या आवाजात रात्र काढली. सोमवारी कार्यालयात गेलो तर "असा अर्जच आलेला नाही." पोच नसल्यामुळे दाखवायला काही नव्हतं. भाड्याचे पैसे गेल्याचं फार वाटत नाही, पण ती सगळी माणसं पुन्हा एका जागी जमली नाहीत, आणि त्याचा राग आजही येतो. लोकांच्या दोन दिवसांना कार्यालयात काही किंमत नसावी?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शुक्रवारी कार्यालय सुटण्याआधी, म्हणजे संध्याकाळी सव्वासहाच्या आत, सही-शिक्क्याचा कागद हातात नसेल तर धरणाचा बेत रद्द समजा. पोच न देणाऱ्या टेबलावर अर्ज ठेवूच नका, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण त्यावरून प्रत्येक काठावर आपली गाडी उभी राहू देतील असं धरून चालू नका. पाण्याजवळच राहायचं असेल तर गंगापूर धरणाकडे एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे. व्हॅन आत लावता येईल का ते विचारा आणि तेही लेखी घ्या. मी कायद्याचा जाणकार नाही, नियम बदलतात, तेव्हा खात्री करूनच निघा.

त्यापेक्षा शनिवारचा मुक्काम सरळ सासऱ्यांच्या मळ्यात हलवा, असं मी म्हणेन. सगळ्यांना तिथेच बोलवा. फक्त काही गोष्टी आधी विचारा. काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरलं की जड गाडी रुतते, त्यामुळे उभी करायची जागा मुरमाची हवी. चार्जिंग घरच्या मीटरवरून घ्या, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरवरून नको. द्राक्षांवर फवारणी कधी आहे तेही विचारा, कारण पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू झाला तर खिडक्या बंद हव्यात. आणि शेजारी ऊस असेल तर दिवेलागणीनंतर मुलांना बाहेर एकटं सोडू नका. निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात बिबट्या असतो.

सासूबाई म्हणतील, घर असताना गाडीत झोपायचं? हा प्रश्न हलका समजू नका, आमच्याकडे यावरून माणसं दुखावली आहेत. आधीच फोन करून सांगा की रात्रीचं जेवण घरातच, मोठी माणसं घरात झोपतील, मुलं गाडीत. सकाळचा पहिला चहा व्हॅनमध्ये करून त्यांना आत बसवा. आत्यांकडेही तेच, जेवून निघा, नुसतं भेटून नाही.

सिडकोच्या गल्ल्यांत गाडी घालू नका. मोठ्या रस्त्यावर लावा आणि रिक्षाने आत जा. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत बेसमेंटच्या तोंडावर लिहिलेली उंची वाचा, छतावर एसी असलेली व्हॅन बहुधा आत जाणार नाही. मित्रांना मी असतो तर सकाळी आठला मिसळीवर बोलावलं असतं. मखमलाबाद, गंगापूरकडच्या मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी मोठी गाडी आरामात लागते.

येताना कसारा घाट टाळायचा असेल तर समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ पासून खुला आहे. इगतपुरीला उतरून घोटीमार्गे या.

भाड्याच्या गाडीबद्दल एकच. पांढऱ्या नंबर पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, अपघात झाला तर विमा अडतो. स्वतः चालवायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना चालतो, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

आणि थंडीत येणार असाल तर बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून झोपू नका. निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो, तेव्हा मोह होतो. जाड रजया घ्या आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा.

सासऱ्यांना एवढं विचारून इथे लिहा: हमरस्त्यापासून मळ्यापर्यंतची वाट किती फूट रुंद आहे आणि वाटेवर विजेच्या तारा किती उंच आहेत? त्यावरून मोठी व्हॅन घ्यायची की छोटी ते सांगता येईल.