अमेरिकन चरित्रकार फॉन ब्रॉडी यांनी मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचं चरित्र पंथातून काढून टाकल्याच्या रागातून लिहिलं का?

नाही. क्रम उलटा आहे. पुस्तक आलं १९४५ मध्ये आणि बाईंना पंथातून काढलं १९४६ मध्ये, तेही पुस्तकामुळेच. श्रद्धा मात्र त्याआधीच सुटली होती, हे खरं.

त्या यूटामधल्या हंट्सव्हिल गावच्या, कट्टर मॉर्मन घरातल्या. काका डेव्हिड मॅके पुढे १९५१ मध्ये पंथाचे अध्यक्षच झाले. अशा घरातली मुलगी संस्थापकाचंच चरित्र लिहायला बसली, म्हणजे काय झालं असेल बघा! पण पुस्तकात आदळआपट नाही, कागदपत्रं आहेत. उदाहरणार्थ, १८२६ चं न्यूयॉर्क राज्यातलं प्रकरण. तरुण स्मिथ दगडात बघून जमिनीत पुरलेलं धन दाखवतो, म्हणून त्याला न्यायाधीशापुढे उभं केलं होतं. (गुप्तधनवाले सगळीकडचे सारखेच.) पंथाच्या कैवाऱ्यांनी ही नोंद बनावट ठरवली. मग १९७१ मध्ये त्याच न्यायाधीशाचं बिल सापडलं: स्मिथच्या तपासणीची फी २ डॉलर ६८ सेंट.

चुका आहेतच. स्मिथच्या बायका त्यांनी पन्नासच्या आसपास मोजल्या. पंथाने स्वतः २०१४ मध्ये ३० ते ४० चा अंदाज मान्य केला. म्हणजे बाईंचा आकडा जास्त, पण मुद्दा खोटा नव्हता.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बाई माणसाच्या मनात फार बिनधास्त शिरतात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या १९७४ च्या चरित्रात तर कमालच केली. १७८८ च्या युरोप प्रवासात जेफरसनने मातीच्या रंगासाठी 'मुलाटो' हा मिश्रवंशीयांसाठीचा शब्द वारंवार वापरला, म्हणून त्याच्या मनात त्याची मिश्रवंशीय गुलाम सॅली हेमिंग्ज होती, असा तर्क! इतिहासकारांनी हा तर्क झोडपला. गंमत म्हणजे दोघांचे संबंध होते हा मूळ निष्कर्ष १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर बहुतेकांनी स्वीकारला. पुरावा लंगडा, उत्तर बरोबर.

बाईंची पुस्तकं वाचायला सुरुवात मात्र स्मिथपासून करू नका, इंग्रज प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टनच्या चरित्रापासून करा (१९६७). हा गडी १८४२ मध्ये कंपनीच्या फौजेतून मुंबईत उतरला, गोव्यावर पुस्तक लिहिलं, १८६० मध्ये मॉर्मन लोक बघायला सॉल्ट लेक सिटीला गेला. त्या प्रवासावरच्या त्याच्या पुस्तकाचं संपादन करताना ब्रॉडींना तो भेटला. बर्टन वारल्यावर बायकोने त्याच्या डायऱ्या जाळल्या, त्यामुळे इथे बाईंना उरलेल्या कागदांवरच काम भागवावं लागलं, आणि ते त्यांनी झकास केलंय.