किडनीतल्या सिस्टमध्ये रक्तस्राव म्हणजे कॅन्सर का?

रिपोर्टमध्ये ‘हेमरेजिक सिस्ट’ वाचून धस्स होणं साहजिक आहे, पण बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी; तिच्या भिंतीतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त आत साचतं. कधी कमरेला बसलेला मार, कधी रक्त पातळ करणारी गोळी, कधी जंतुसंसर्ग. पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत खूप सिस्ट होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर हे वरचेवर होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

खरं बघायचं ते एवढंच: कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं स्कॅनचं औषध) दिल्यावर सीटीत काही उजळतं का? साचलेलं रक्त कॉन्ट्रास्टआधीच पांढरट दिसतं आणि नंतरही तसंच राहतं. जाड भिंत किंवा आतला घट्ट भाग उजळला (रिपोर्टमध्ये बॉस्नियाक 3 किंवा 4, म्हणजे कॅन्सरची शंका जास्त असलेल्या सिस्टची श्रेणी), तर यूरॉलॉजिस्टला लवकर भेटा. लाल लघवीसोबत ताप किंवा चक्कर असेल तर आजच. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.