तरुण मुलं आपल्याच देशात इतकी का भटकतात?

तुमचा प्रश्न असा की हल्लीची मुलं मिळेल ती सुट्टी साधून आपल्याच देशात फिरत असतात, ती रील बघूनच ना? रीलचा हात आहेच, पण तिला जरा जास्तच श्रेय मिळतंय असं मला वाटतं. कुठे जायचं हे फार तर रीलवरून ठरतं. निघायचं हे त्याआधीच ठरलेलं असतं.

मी विशीत असताना आमच्या चौघांच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक मेसेज हमखास यायचा : 'कुठेतरी जाऊ या ना यार.' यातला 'कुठेतरी' बघा. एकदा गुरुवारी रात्री डोंगर की समुद्र यावर मतदान झालं. समुद्र जिंकला, तिकिटं मात्र डोंगराकडची मिळाली, म्हणून शुक्रवारी रात्री डोंगराकडे निघालो. कोणी हूं की चूं केलं नाही.

जॉन क्रॉम्प्टन नावाच्या अभ्यासकाने 39 जणांशी सविस्तर बोलून 1979 साली सुट्टीवर जाण्यामागची नऊ कारणं मांडली होती. अभ्यास खास तरुणांवर नव्हता, पण यादी वाचताना आमचा ग्रुपच डोळ्यांसमोर आला. रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका, स्वतःला तपासून बघणं, आराम, चारचौघांत भाव, पोरकटपणा करायची मुभा, घरच्यांशी जवळीक, नव्या ओळखी. ही सात कारणं माणसाच्या मनातली. उरलेली दोन, म्हणजे नावीन्य आणि शिकणं, यांचाच काय तो ठिकाणाशी थोडाफार संबंध.

मग परदेश का नाही? कारण 'कुठेतरी'साठी पासपोर्ट, व्हिसा आणि सहा महिन्यांची तयारी कोण करणार! नोकरी नवी, रजा मोजक्या, खिसा बेताचा. घरी सांगतानाही 'इथेच तर जातोय' म्हटलं की निम्मे प्रश्न गळून पडतात. आणि बेत फसलाच तर रातोरात परत येता येतं. 2020 मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा अनेकांना नाइलाजाने जवळचं बघावं लागलं, हेही खरं. पण सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे.

खिशाचं महत्त्व तर शंभर वर्षांपूर्वीही तेवढंच होतं. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला जायचे. 1909 साली वाटेत वादळाने गाठलं आणि त्या सगळ्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये मुलांची स्वस्तात सोय का होऊ नये, हे त्यांच्या डोक्यात आलं ते तेव्हा. पुढे 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू झालं. जपानमध्ये 1982 पासून 'सेइशुन 18' नावाचं रेल्वेचं तिकीट मिळतं : सुट्टीच्या हंगामात ठरावीक दिवस देशभरातल्या साध्या गाड्यांनी वाट्टेल तेवढं फिरा. सेइशुन म्हणजे तारुण्य. गंमत म्हणजे या तिकिटाला वयाची अट नाही. हातात वेळ भरपूर आणि पैसे कमी, अशा माणसासाठीच ते काढलंय, आणि असा माणूस बहुतेक वेळा विशीतलाच असतो.

राहता राहिलं स्वतःला तपासून बघणं. मला हे कारण सगळ्यांत जवळचं वाटतं. आम्ही गेलो तो डोंगर मी लहानपणी आई-बाबांबरोबर पाहिला होता, म्हणजे गाडीत मागच्या सीटवर झोपून पाहिला होता. या वेळी पहाटे पाच वाजता अंधारात स्टँडवर उतरल्यावर पुढची गाडी कुठून सुटते हे मला विचारायचं होतं, राहायची खोली मला ठरवायची होती आणि उरलेले तिघे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चुकीच्या गाडीत बसवलं. तासभर उलट दिशेला गेलो. अजूनही मला त्यावरून ऐकवतात.

दाखवण्याची हौस नसते असं मी म्हणणार नाही. आम्हीही फोटो टाकले. त्यांतला एक अजून ग्रुपच्या डीपीवर आहे : चार भिजलेली तोंडं आणि मागे नुसतं धुकं. डोंगर त्यात कुठेच दिसत नाही.