लेकरू झोपलं की आधी काय करायचं?

"लेकरू झोपलं का मी भांडे घासाले बसतो. भांडे होत नाही तं लेकरू उठते. दिवसभर काईच होत नाही, अन् संध्याकाळी वावरातून आल्यावर सगळे इचारतात, दिवसभर केलं काय?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यातली ही 23 वर्षांची पहिलटकरीण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तक्रार मात्र तिच्याच शब्दांत आहे, कारण बाळंतपणानंतर आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक जणींची तक्रार हीच असते. सव्वा महिना माहेरी काढून ती सासरी आली तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. सासू, सासरे, नणंद सकाळी आठला वावरात. नवरा हरभऱ्याच्या ओलिताला. घरी ही, सात आठवड्यांचं लेकरू, दोन शेळ्या आणि संध्याकाळचा स्वयंपाक. आशाताई 42व्या दिवसाच्या भेटीला घरी गेल्या तेव्हा ही बोलता बोलता रडायला लागली, म्हणून त्यांनी समुपदेशनाला पाठवलं.

अशा वेळी वेळापत्रक करून देण्याचा मोह होतो. ते करू नये. सात आठवड्यांच्या बाळाला घड्याळ नसतं. सकाळी नऊला आंघोळ, दहाला स्वयंपाक असा कागद भिंतीवर लावला की पहिल्याच दिवशी तो मोडतो आणि बाईच्या डोक्यावर आणखी एक अपयश चढतं. म्हणून दिवस तासांत मोजायचा नाही, एका पाजण्यापासून दुसऱ्या पाजण्यापर्यंत मोजायचा.

तिच्याबरोबर बसून आधी हिशोब केला. बाळ चोवीस तासांत साधारण दहा वेळा पितं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं मिळून एका खेपेला अर्धा तास. म्हणजे पाच तास तिथेच गेले. लंगोट-दुपट्यांचं धुणं एक तास, मालिश-आंघोळ पाऊण तास. "दिवसभर केलं काय" याचं उत्तर पावणेसात तास, आणि त्यात झाडलोट, भांडी, शेळ्या धरलेल्याच नाहीत. हा आकडा तिला पहिल्यांदा दिसला. सासूबाईंनाही तोच आकडा नंतर सांगितला, आणि उपदेशापेक्षा त्याचाच उपयोग झाला.

मग दोन पाजण्यांमधला दीड-दोन तासांचा तुकडा. त्यात एकच काम बसवायचं, आणि तेही मध्ये सोडता येईल असं. तूर निवडणं सोडता येतं, कणिक मळून ठेवता येते, पोळ्या लाटताना मात्र उठता येत नाही. दिवसाच्या दोन तुकड्यांत काम नाहीच, आडवं व्हायचं. झोप लागली नाही तरी चालेल. लेकरू झोपलं की आधी काय करायचं, याला आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी लघवीला जाऊन यायचं, पाणी प्यायचं, दोन घास खायचे, मग उरलेल्या वेळाचं बघायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ही बाई सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत उपाशी राहत होती, आणि तिन्हीसांजेला तिला जी चीड येत होती तिच्यात निम्मा वाटा त्या उपाशीपणाचा होता.

बसून पाजण्याची जागा एकच ठरवली. भिंतीला पाठ टेकेल अशी, मांडीखाली उशी. शेजारी एक टोपली, आणि तिच्यात सहा लंगोट, दोन दुपटी, तोंड पुसायला मऊ फडकी, झाकणाची एक लिटरची पाण्याची बाटली, डिंकाच्या किंवा अळिवाच्या लाडवांचा डबा, गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड. रात्री झोपण्याआधी टोपली भरायचं काम नणंदेकडे दिलं. आधी रात्री दोनला लंगोट शोधायला दिवा लावावा लागे, त्यात बाळ पूर्ण जागं होई आणि परत झोपायला तास घेई. कोणत्या बाजूनं पाजलं हे झोपेत आठवत नाही, त्यासाठी एक लाल बांगडी. ज्या बाजूनं पुढच्या वेळी सुरुवात करायची त्या हातात ती घालायची.

लंगोट किती लागतात यात हमखास चूक होते. माहेराहून आठ-दहा येतात. थंडीत दव पडतं, सकाळी धुतलेलं दुपारपर्यंत वाळत नाही, मग ओलसर कपडा लावला जातो आणि बाळाच्या जांघा लाल होतात. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे वीसेक फाडून घ्यावेत. शीचे वेगळ्या बादलीत, आधी साध्या पाण्यानं खळबळून मग साबणाची वडी. पावडर घातली तर ती पूर्ण निघायला दोन-तीन पाणी लागतात, आणि एवढं पाणी रोज भरायचं कोणी? धुणं दिवसातून एकदाच, बाराच्या आत, म्हणजे अंगणातलं कडक ऊन सापडतं.

झोपेचा प्रश्न सगळ्यात अवघड होता, आणि शांत वाटण्याचा सगळा भार त्याच्यावरच असतो. तुकड्या-तुकड्यांनी सात तास झोप झाली तरी ती सलग चार तासांची बरोबरी करत नाही. सलग झोप नसली की लहानसहान गोष्टीला रडू येतं, विसरायला होतं, लेकराचं रडणं अंगावर येतं. नवऱ्यानं रात्री अर्धी पाळी घ्यावी असं सांगणं सोपं आहे, पण ओलिताची लाइन, म्हणजे पंपाची वीज, पाळीनं कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची असली की तो वावरात पंपाजवळ. म्हणून दोन वेगळ्या व्यवस्था केल्या. दिवसाची लाइन असेल त्या आठवड्यात ही रात्री आठला पाजून झोपणार, आणि बारापर्यंत बाळ नवऱ्याकडे. मध्ये बाळ उठलंच तर त्यानं फक्त पाजायला आणून द्यायचं आणि ढेकर काढायला परत घेऊन जायचं. ही आडव्यानंच पाजेल, उठणार नाही. रात्रीची लाइन असेल तेव्हा पहाटे चारचं पाजणं झालं की बाळ सासूबाईंकडे. त्या साडेचारला उठतातच. ही सात-साडेसातपर्यंत झोपेल. चार तास पुरते होत नाहीत, पण तीन-साडेतीन होतात.

हे सासूबाईंच्या होकाराशिवाय जमणार नव्हतं. त्या आल्या त्या थोड्या रागातच. "आमी तं सव्वा महिन्यानं वावरात जात होतो. लेकरू धुऱ्यावर झोळीत टाकून कापूस येचला." यावर वाद घालू नये, कारण ते खरं असतं. त्यांना एवढंच विचारलं, "मावशी, तेव्हा घरी कोण कोण होतं?" जाऊ होती, आजेसासू होती, दोन नणंदा होत्या. आजेसासू तर दिवसभर लेकरू घेऊनच बसायची. हे त्यांनीच मोजलं, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज उतरला. सुनेला आज तेवढे हात नाहीत. वेचणीची मजुरी किलोवर द्यावी लागते, म्हणून घरातलं कोणीच वेचणी सोडू शकत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा सोडायची ती घरातली कामं. सकाळच्या पोळ्या आणि डबे सासूबाई-नणंद पहाटे करतील. नळाचं पाणी आणि शेळ्या सासऱ्यांकडे. संध्याकाळी वरण, भात, एक भाजी, बस. अंगण सारवणं आठवड्यातून एकदा. लेकरू पाहायला येणाऱ्या बायांना सासूबाईंनीच सांगायचं की संध्याकाळी पाचनंतर या. सुनेनं सांगितलं तर ती उर्मट ठरते.

आणखी एक गोष्ट विचारपूस करताना निघाली. सकाळी उठल्यावर डोकं जड, मळमळल्यासारखं. थंडी म्हणून खोलीचं दार-खिडकी बंद करून बाजेखाली कोळशाची शेगडी रात्रभर. बंद खोलीत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि तो बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. शेक घ्यायचाच तर दिवसा, दार उघडं ठेवून, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर. बाळाला टोपडं, मोजे आणि आईच्या अंगाची ऊब पुरते.

संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखं रडायचं, दर अर्ध्या तासानं प्यायला मागायचं. घरात ठरलं की दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांपर्यंत ते कमी होतं. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वजनवाढ, या दोन खुणा पाहायच्या. अंगणवाडीत वजन केलं, वाढ चांगली होती, वरच्या दुधाचा विषय तिथेच संपला. सहा महिने पाणी, मध, घुटीही नको.

बाळाच्या रडण्यानं स्वतःचा तोल जातोय असं वाटलं तर बाळाला जमिनीवरच्या गादीवर उताणं, सुरक्षित ठेवायचं आणि पाच मिनिटं ओसरीवर जाऊन बसायचं. बाळाला जोरात हलवायचं नाही, कधीच नाही. पाजताना पहिल्या दोन मिनिटांत खांदे खाली सोडून, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा करायचं. वेगळा वेळ काढून ध्यान करा असं बाळंतिणीला सांगण्यात अर्थ नाही.

गोळ्या तिनं बंद केल्या होत्या, कारण लोहाच्या गोळीनं शी काळी आणि कडक होत होती. काळी होणं स्वाभाविक आहे. कडकपणाला पाणी, पालेभाजी आणि ज्वारीची भाकर. लोहाची गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक, रात्री जेवणानंतर दोन तासांनी. कॅल्शियमच्या दोन गोळ्या सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर, सहा महिने. दोन्ही एकत्र नाहीत, चहासोबत तर नाहीच, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. रक्त कमी असलं की जो थकवा येतो त्याला कोणतंही नियोजन पुरं पडत नाही.

पहिल्या भेटीतच बाळंतपणानंतरच्या उदासीची चाचपणी करणारी एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली होती. गेल्या सात दिवसांवरचे दहा प्रश्न, 30 पैकी गुण. 10 किंवा वर गेले की डॉक्टरांना दाखवायचं, आणि स्वतःला इजा करण्याच्या शेवटच्या प्रश्नाला "नाही"खेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी. हिचे 9 होते, शेवटच्या प्रश्नाला शून्य. म्हणजे काठावर, दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, हळवं होणं सर्रास असतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, लेकरू झोपलं तरी हिला झोप नाही, जेवण जात नाही, लेकराकडे बघावंसं वाटत नाही, तर ते आजारपण आहे. दूध पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. आणि बाळंतीण असंबद्ध बोलायला लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, घरच्यांवर किंवा लेकरावरच संशय घ्यायला लागली, तर तिला बाहेरचं लागलं म्हणून अंगारा लावत बसू नका. ती तातडीची वेळ आहे. बाळ दुसऱ्याकडे द्या, तिला एकटं सोडू नका, 108 ला फोन करून दवाखाना गाठा. मन मोकळं करायला टेलि मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

दोन आठवड्यांनी गुण 6 वर आले. भांडी अजूनही दुपारपर्यंत पडून असतात. रात्रीच्या लाइनीचा आठवडा तिला जड जातो, नवरा पहाटे येऊन झोपतो आणि घरात आवाज चालत नाही. त्यावर बाळाची आंघोळ सकाळऐवजी दुपारी बारानंतर ढकलली, तेव्हा ऊनही असतं. पुढची भेट 10व्या आठवड्याच्या लशीच्या दिवशीच ठेवली आहे, म्हणजे गावाहून दुसरी चक्कर पडत नाही. त्या दिवशी सासूबाई वेचणीला जाणार नाहीत, सोबत येणार आहेत.