फळांच्या रसासाठी हातप्रेस: एफडी मोडावी का?

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. घरात दोघांचे पगार, गृहकर्जाचा हप्ता, दोन मुले आणि सासूबाई आहेत. रोज तीन ग्लास मोसंबीचा रस ७० रुपये ग्लासप्रमाणे बाहेरून येतो. बाजारात मोसंबी ८० रुपये किलो आहे. १२ लिटर क्षमतेचा, स्क्रूने दाबायचा स्टीलचा हातप्रेस १९,५०० रुपयांना मिळतो आहे. तो घेऊन घरचा रस काढावा आणि आमच्या ८४ घरांच्या सोसायटीत आवळ्याचे सरबत विकावे, असा विचार आहे. त्यासाठी ७ टक्क्यांची ५०,००० रुपयांची एफडी मोडावी का? ती काढून सात महिने झाले आहेत आणि ती नोव्हेंबरअखेर पूर्ण होते. घरचा न टळणारा खर्च महिना ६२,००० रुपये आहे आणि बचत खात्यात २०,००० रुपये आहेत.

उत्तर: आपल्या पत्रात दोन वेगळे निर्णय एकत्र आले आहेत. एक निर्णय घरच्या रसाचा आहे आणि दुसरा लहानशा व्यवसायाचा. दोन्हींचे पैसे एकाच एफडीतून आणि दोन्हींचे काम एकाच यंत्राकडून व्हावे, ही आपली अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण यंत्राच्या दृष्टीनेही ही दोन कामे एक नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडतो.

आधी घरचा रस पाहू. महिन्यातले २५ दिवस धरले, तर ७५ ग्लासांचे आज आपण ५,२५० रुपये देता. पातळ सालीच्या, हाताला जड लागणाऱ्या मोसंबीतून किलोमागे साधारण ४०० ते ४५० मिलिलिटर रस निघतो. कमीतला आकडा धरला, तर एका किलोत २०० मिलिलिटरचे दोन ग्लास होतात. आपण कळवलेल्या ८० रुपये किलोच्या भावाने ग्लासला ४० रुपये पडतात, म्हणजे महिन्याला ३,००० रुपयांची फळे लागतील आणि २,२५० रुपये वाचतील. (बाहेरच्या ग्लासात बर्फ आणि पाणी किती असते, हे धरले तर घरचा ग्लास याहून सरस ठरेल, पण तो हिशेब चवीचा आहे.) या दराने १९,५०० रुपये वसूल व्हायला साडेआठ-नऊ महिने लागतील. मात्र ही सगळी बचत फळाच्या भावावर उभी आहे. मोसंबी ११० रुपये किलो झाली, की महिन्याची बचत निम्म्यावर, १,१२५ रुपयांवर येते आणि १४० रुपयांना ती शून्य होते. यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, फळांचे पैसे मात्र दर आठवड्याला जातात. घरी रस परवडतो की नाही, हे त्यामुळे प्रेसच्या किमतीपेक्षा बाजारातला भाव आणि आपला नेम हेच ठरवतात.

नेमाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. १२ लिटरचा स्क्रू-प्रेस मुळात कुस्करलेली किंवा किसलेली फळे एकाच वेळी मोठ्या प्रमाणात गाळण्यासाठी असतो. मोसंबी सालीसकट दाबली, तर सालीतले तेल आणि कडवटपणा रसात उतरतो, म्हणून प्रत्येक फळ आधी सोलावे लागते. तीन ग्लासांसाठी लागणारी आठ-नऊ मोसंबी त्या जाळीदार पिंपाच्या तळाशी पडून राहतात आणि वरची तबकडी तिथपर्यंत नीट पोचावी म्हणून मध्ये लाकडी ठोकळे रचावे लागतात. स्क्रू आवळताना संपूर्ण यंत्र हातासोबत फिरू लागते, म्हणून ते बोल्टने पक्के बसवावे लागते आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये कडप्प्याच्या ओट्याला भोके पाडायला कोणी तयार होत नाही. शिवाय गाळायची कापडी पिशवी रोज धुऊन वाळवायची असते. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत ती दिवसभरात खडखडीत वाळत नाही आणि ओलसर राहिली की तिला बुरशी धरते. एवढी उठाठेव रोज सकाळी साडेसहाला होईल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. हा नेम महिन्यात बारा दिवसांवर आला, तर बचत १,०८० रुपये उरते आणि वसुलीला दीड वर्ष लागते.

या कामासाठी रसवाल्यांकडे दिसतो तो दांड्याचा हातप्रेस पुरेसा आहे. अर्धे कापलेले फळ शंकूवर ठेवायचे आणि दांडा खाली ओढायचा, एवढेच त्याचे काम. मोसंबी, संत्रे आणि डाळिंब तिन्ही त्यावर होतात. डाळिंबाला मात्र बेताने दाब द्यावा, नाहीतर आतल्या पडद्यांचा तुरटपणा उतरतो. असा प्रेस २,८०० रुपयांना मिळाला, असे धरले तर वरच्याच बचतीने तो सव्वा महिन्यात फिटतो आणि ही रक्कम बचत खात्यातून देता येते. फळ जिथे टेकते तो भाग स्टीलचा असल्याची खात्री करून घ्या. आंबट रसाने ॲल्युमिनियम खराब होते. जाता जाता आणखी एक गोष्ट: मोसंबी सोलून खाल्ली तर एका माणसाला एक-दोन फळे पुरतात, रसाच्या ग्लासाला तीन लागतात आणि चोथा टाकून द्यावा लागतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनाही रसापेक्षा अख्ख्या फळाकडेच झुकतात. मुलांच्या दोन ग्लासांच्या जागी फळे आली, तर सगळ्यात मोठी बचत तिथेच होईल.

आता सरबताचा विचार करू. आवळ्यासाठी स्क्रू-प्रेस खरोखर उपयोगाचा आहे, हे मान्य करायला हवे. दहा किलो किसलेला आवळा एका भरतीत मावतो आणि त्यातून साडेचार लिटरच्या आसपास रस निघतो. स्क्वॉश, म्हणजे पाणी घालून प्यायचे घट्ट सरबत, म्हणून विकायचे असेल, तर त्यात निदान २५ टक्के फळांचा रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, असावे लागतात. रसाचे प्रमाण त्याहून थोडे जास्त ठेवले, तर ७०० मिलिलिटरच्या वीसेक बाटल्या होतील. आवळा ६०० रुपये, साखर ३००, बाटल्या-झाकणे-लेबले ५०० आणि गॅससह किरकोळ १०० रुपये धरले, तर बाटलीला ७५ रुपये पडतात. दीडशेला विकली तर बाटलीमागे ७५ रुपये सुटतील आणि त्यात दहा किलो आवळा किसण्याची आपली मजुरी धरलेलीच नाही. नुसत्या प्रेसचे १९,५०० रुपये काढायला २६० बाटल्या खपाव्या लागतील. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामात आपल्या सोसायटीतल्या प्रत्येक घराने तीन-तीन बाटल्या घ्यायला हव्यात. पहिली बाटली शेजारधर्म म्हणून घेतली जाते. तिसरी कोण घेईल, हे आज आपणही सांगू शकणार नाही.

विक्रीसाठी अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार एफएसएसएआयची (भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून तिचा क्रमांक लेबलवर छापावा लागतो. ही नोंदणी लहान घरगुती उद्योगालाही लागू आहे. सोसायटीच्या समितीलाही लेखी कळवून ठेवा. नोंदणी झाल्यावर पहिल्या हंगामात किसणी आणि जाड मलमलीचे फडके वापरून दहा-दहा किलोच्या दोन भरती काढून पाहाव्यात. रस थोडा कमी निघेल आणि हात दुखतील, पण चाळीस बाटल्यांना गिऱ्हाईक आहे की नाही, हे प्रेसशिवायही कळेल. त्यानंतर प्रेस घ्यावासा वाटला, तर पिंप, जाळी आणि तबकडी ३०४ ग्रेडच्या स्टीलचीच असू द्या, कारण लोखंड लागले की आवळ्याचा रस काळवंडतो.

राहिला एफडीचा प्रश्न. आज, सात महिन्यांनी, ती मोडली तर बँक पूर्ण झालेल्या मुदतीचा दर लावून त्यातूनही दंड कापते. हाती ५ टक्के पडले असे धरले, तर ठरलेल्या दराच्या तुलनेत आतापर्यंतच्या व्याजात सुमारे ६०० रुपयांचे नुकसान होते. एवढ्यासाठी मी आपल्याला अडवले नसते. अडचण अशी आहे की एफडी आणि बचत खाते मिळून आपल्याकडे ७०,००० रुपये आहेत आणि ते जेमतेम एका महिन्याच्या खर्चाचे आहेत. गृहकर्ज चालू असलेल्या घरात हा राखीव निधी निदान सहा महिन्यांचा असावा. त्यातला पैसा यंत्रात घालणे मला योग्य वाटत नाही. विक्रेता बिनव्याजी हप्ते देऊ करत असेल, तर रोख दिल्यास किती सूट मिळते, प्रक्रिया शुल्क किती आणि कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

नोव्हेंबरअखेर एफडी पूर्ण होण्याआधी बँकेत जाऊन आपोआप नूतनीकरणाची सूचना रद्द करावी आणि एकाच ५०,००० रुपयांच्या ठेवीऐवजी १०,००० रुपयांच्या पाच ठेवी कराव्यात, म्हणजे पुढे अचानक गरज पडली तर एकच ठेव मोडावी लागेल. रसातून महिन्याला जी बचत होईल, तिची त्याच बँकेत आवर्ती ठेव सुरू करावी आणि प्रेसचा विचार ती ठेव १९,५०० रुपयांच्या जवळ पोचल्यावरच करावा.