बारा तारा आणि एक रविवार

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पोचली. कुरिअरवाल्याने ती दारातल्या कुंडीत टेकवून ठेवली होती, त्यामुळे पहिली दोन पानं भिजली. पण बॉलपेनचं अक्षर म्हणून वाचता आलं. बैठकीला आलेल्या एकोणीस जणांना 'बर्ड्स' या अमेरिकन बँडची ती जुनी चित्रफीत दाखवलीस आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलंस, हे फार बरं केलंस. आता त्यावर लेख कसा लिहू, असं विचारलं आहेस.

मी मोजलं. एकोणीसपैकी अकरा जणांनी 'आता असं संगीत होत नाही' असं म्हटलंय. हे वाक्य लेखात एकदाही येऊ देऊ नकोस. त्यातून गाण्याबद्दल काही कळत नाही, बोलणाऱ्याचं वय तेवढं कळतं. पुढच्या वेळी कुणी 'वा' म्हणालं की लगेच विचार, 'कुठे?' कोणत्या ओळीला, कोणत्या सुरावर? निम्मे लोक गडबडतील. उरलेले निम्मे जे सांगतील, तो तुझा लेख.

मागच्या रांगेतले गृहस्थ मात्र तुला चांगलेच लागलेले दिसतात. 'सगळं नाटक आहे, रेकॉर्डवर यांनी वाजवलेलंच नाही,' असं ते म्हणाले आणि तू गप्प बसलास. गप्प बसायचं कारण नव्हतं. त्यांचं अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग सुटा करून दाखवला की त्यातच खरी गोष्ट आहे.

२० जानेवारी १९६५ रोजी हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओत 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा बँडच्या पाच जणांपैकी हातात वाद्य होतं ते एकट्या गिटारवाल्या मॅग्विनच्या. ड्रम्सवर हॅल ब्लेन, बेसवर लॅरी नेक्टेल, इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल, साथीच्या गिटारवर जेरी कोल. हे सगळे स्टुडिओत बोलावले जाणारे सराईत वादक. डेव्हिड क्रॉस्बी आणि जीन क्लार्क फक्त गायले. निर्माता टेरी मेल्चर याचा या पोरांच्या हातांवर भरवसा नव्हता, आणि त्यात त्याचं फारसं चुकलं असं मला तरी वाटत नाही. ख्रिस हिलमन मूळचा मँडोलिनवाला, बेस त्याने नुकता धरलेला. मायकल क्लार्ककडे सुरुवातीला ड्रम्सच नव्हते, तो पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सराव करायचा. (दोन क्लार्क आहेत, दोघांचं नातं काही नाही. तुझ्या वहीत एके ठिकाणी घोटाळा झालाय, तो नीट कर.)

पण त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या अल्बमची बाकीची जवळजवळ सगळी गाणी याच पाच जणांनी वाजवली. आणि 'टर्न! टर्न! टर्न!' मनासारखं जमेपर्यंत त्यांनी सत्तरहून जास्त टेक दिले. म्हणजे जानेवारीत ज्यांना वाद्यापासून दूर ठेवलं, ते वर्ष संपायच्या आत स्वतः वाजवलेल्या गाण्यावर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. मागच्या रांगेला हे सांग. शिवाय एक गंमतही सांग: पडद्यावर नायिका ओठ हलवते आणि आवाज दुसरीचाच असतो, याचं आपल्याला साठ-सत्तर वर्षांत कधी काही वाटलं नाही. गिटारवाल्याकडूनच एवढं सोवळं का?

त्या फितीत त्यांनी नुसते ओठ हलवलेत की खरंच गायलेत, याचा निकाल मी देणार नाही. तो कसा लावायचा ते सांगतो, कारण ध्वनिमुद्रणाच्या कामात माझा जन्म गेला. गिटारमधून वायर निघते का आणि कुठे जाते, ते बघ. झांजेवर काठी पडते त्याच क्षणी आवाज येतो का, ते बघ. शेवट कसा होतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. रेकॉर्डवरचं गाणं हळूहळू विरत नेता येतं, ते काम मिक्सरवरच्या बोटाचं असतं. समोर वाजवणाऱ्या माणसाला विरता येत नाही, त्याला कुठेतरी थांबावंच लागतं. आणि रेकॉर्ड शेजारी ठेव. दोन्ही एकदम लाव आणि कान दे. मुद्रित आवाज असेल तर दोन्ही श्वासासकट जुळतात. खरा गळा दुसऱ्या ओळीतच इकडे-तिकडे होतो.

आता त्या आवाजाबद्दल. तुझ्या वहीत सहा जणांनी 'झणझण', 'चांदीचा', 'घुंगरांसारखा' असे शब्द वापरलेत. 'घुंगरांसारखा' मला आवडला, तो ठेव. पण तो आवाज येतो कुठून, हेही लिही. रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची गिटार: तारांच्या सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात लावलेली, पातळ दोन जोड्या एकाच सुरात. बहुतेक बारा-तारी गिटारवर खाली येणारा हात पातळ तारेला आधी लागतो, या गिटारवर जाड तारेला आधी. मॅग्विनने १९६४ मध्ये बीटल्सच्या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हातात अशी गिटार पाहिली आणि स्वतःसाठी घेतली. नुसती वाजवली तर ती जरा ठस्स वाजते. स्टुडिओत रे गेरहार्ट या ध्वनितंत्रज्ञाने तिला कंप्रेसरमधून काढलं, म्हणजे जोराचा आघात दाबला आणि मागे रेंगाळणारा नाद वर आणला. चाहत्यांना जे स्वर्गीय वाटतं, त्यातलं बरंचसं एका पगारी माणसाने बटण फिरवून आणलेलं आहे. हे लिहिताना माझा ऊर थोडा भरून येतो, ते तू समजून घे.

मॅग्विनचा उजवा हात पुन्हा एकदा बघ. अंगठा आणि तर्जनीत साधी नखी, आणि मधल्या दोन बोटांना धातूच्या नख्या. ही बँजोवाल्यांची सवय. शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये तो जे शिकला, ते त्याने विजेच्या गिटारवर आणलं. 'फोक-रॉक' या शब्दाची व्याख्या करण्यात तू दीड पान घालवलंयस. त्याऐवजी ती तीन बोटं दाखव.

गळ्यांचंही तसंच. सगळ्यांना वाटतं की तीन सुरांची गुंफण आहे. नीट ऐकलंस तर मॅग्विन आणि जीन क्लार्क पुष्कळदा एकाच सुरात गातात आणि क्रॉस्बी एकटा वर मोकळा फिरतो. दोघांनी जमीन धरली म्हणून तिसऱ्याला आभाळ मिळालं.

तुझ्या वहीतली सगळ्यात मोलाची प्रतिक्रिया कुणाची, माहीत आहे? नगरच्या त्या निवृत्त बाईंची. त्यांनी गिटारबद्दल अवाक्षर काढलं नाही. 'हा तर उपदेशक, तिसरा अध्याय, आमच्याकडे मातीच्या वेळी वाचतात,' एवढंच म्हणाल्या, आणि तू ते अर्ध्या ओळीत उरकलंस! त्यांच्याकडे परत जा. अमेरिकन लोकगायक पीट सीगरने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बायबलमधल्या त्याच ओळींना चाल लावली, तेच हे 'टर्न! टर्न! टर्न!'. जन्मायची वेळ, मरायची वेळ, हे सगळं जुन्या करारातलं. शांततेची वेळ अजून गेलेली नाही, ही अखेरची ग्वाही मात्र सीगरची स्वतःची. व्हिएतनामला पोरं पाठवणाऱ्या देशात हे गाणं १९६५ च्या डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर होतं. बाईंना विचार, मराठीत त्या ओळी त्यांच्या कानाला कशा लागतात. असा माणूस बैठकीत दर वेळी मिळत नाही.

आता माझा खरा मुद्दा. तुम्ही सगळ्यांनी ती फीत देवघरातल्या तसबिरीसारखी पाहिलीत. ती तारीख आहे १२ डिसेंबर १९६५, वार रविवार, न्यूयॉर्क, सीबीएसवरचा एड सलिव्हनचा कार्यक्रम. मॅग्विन २३ वर्षांचा, क्रॉस्बी २४, जीन क्लार्क आणि हिलमन २१, ड्रम्सवरचा मायकल १९. कामाच्या आठवड्यातला एक दिवस. क्रॉस्बीचा त्या दिवशी दिग्दर्शकाशी खटका उडाला आणि या मंडळींना पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. ऑगस्टात इंग्लंडला जाऊन आले होते, 'बीटल्सना अमेरिकेचं उत्तर' अशी जाहिरात करून. तिथल्या वृत्तपत्रांनी सोलून काढलं, वर 'बर्ड्स' याच उच्चाराच्या एका इंग्रजी बँडने विमानतळावरच नोटीस हातात दिली.

आणि त्यांचं मन त्या गाण्यात राहिलंही नव्हतं. नोव्हेंबरच्या दौऱ्यात बसमध्ये एकच टेप पुन्हा पुन्हा वाजत होती: तिच्यावर रवि शंकर आणि जॉन कोल्ट्रेन. सलिव्हनच्या रविवारनंतर दहा दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्यांनी 'एट माइल्स हाय'चं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. त्यातली गिटार ऐक, कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन तारांवर उतरवायचा प्रयत्न आहे तो. १९६६ च्या सुरुवातीला जीन क्लार्क बँड सोडून गेला. विमानात बसायची त्याला भीती वाटायची. म्हणजे तुम्हाला जो सोनेरी क्षण दिसतो, त्यात उभे असलेले लोक मनाने घराबाहेर पडलेले होते. जीन १९९१ मध्ये गेला, मायकल १९९३ मध्ये, क्रॉस्बी २०२३ मध्ये. फीत बघताना डोळे भरून येतात ते यासाठी, हे मला समजतं. पण त्या रविवारी त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. लेख लिहिताना तूही तेवढा वेळ ते विसरून बघ.

ही फीत आज दिसते, कारण सलिव्हनच्या कार्यक्रमाचा साठा जपला गेला आणि १९९० मध्ये अँड्र्यू सोल्टच्या कंपनीने तो विकत घेतला. सगळीकडे असं झालं नाही. बीबीसीने 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमाचे साठच्या दशकातले बहुतेक भाग पुसले, कारण टेप महाग आणि पुन्हा वापरता येणारी.

मी हे वरून सांगत नाही. मी जिथे नोकरी केली तिथे यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटची कायम चणचण असायची. एका गोंधळ्यांच्या कार्यक्रमाची कॅसेट होती, संबळ फार नेटका मुद्रित झालेला, मीच केलेला. एका दुपारी कुठल्याशा उद्घाटनाला कॅसेट कमी पडली. मी लेबलावर निळ्या पेनाने काट मारली, वर नवीन नाव लिहिलं आणि कॅसेट कॅमेरामनच्या हातात दिली. कुणी मला सांगितलं नव्हतं. पुढे सात-आठ वर्षांनी एक तरुण आला, त्याला वडिलांचा आवाज हवा होता. मी त्याला चहा पाजला आणि कपाट शोधल्याचं नाटक केलं. ओठ हलवणं म्हणतात ना, तेच.

तर तुझ्या वहीची आधी एक प्रत काढ, मगच लेखाला बस. बैठकीत बोललेल्यांचा आवाजही टिपून ठेव, नुसतं अक्षर पुरत नाही. बाईंनी 'उपदेशक' म्हणताना कसा सूर लावला ते कागदावर येत नाही. लेख आठशे शब्दांवर नेऊ नकोस. व्याख्येचं दीड पान काढलंस की जागा होईलच.

आणि त्या हॉलमधला मधला पंखा बंद करत जा. मागे आलो होतो तेव्हा ऐकला, त्याची खडखड नेमकी त्या बारा तारांच्याच पट्टीत जाऊन बसते. उकडलं तर उकडू दे, दोन-चार मिनिटांचं तर गाणं आहे.

तुझा,
काका